‘टेल’ या क्रियापदाची कुळकथा

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलाला ‘टेल’ या क्रियापदाचा अर्थ ‘सांगणें’ असा अगदीं आरंभींच पाठ करावयास मिळतो, आणि कांहीं काळ त्याचें त्यावर चांगलें निभावतें. आईनें गोष्ट सांगितली, मास्तरांनीं धडा गिरवावयास सांगितलें, मुलानें खरें तें सांगितलें, या साऱ्या ठिकाणीं तो अर्थ बिनचूक बसतो. पुढें वाचन वाढलें म्हणजे मात्र अडचणी उभ्या राहतात. बँकेच्या खिडकीशीं बसून पैशांची देवघेव करणाऱ्या कारकुनाला ‘टेलर’ म्हणतात. तो कोणाला काय सांगतो? ‘ऑल टोल्ड’ म्हणजे ‘सारें सांगितलेलें’ नव्हे, तर ‘एकंदर सगळे मिळून’. ‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणजे कोणास न सांगितलेली संपत्ति नव्हे, तर मोजदाद होऊं नये इतकी अमाप संपत्ति. कॅथॉलिक भाविक जपमाळेचे मणी ओढतो तेव्हां तो ते मणी ‘टेल’ करीत असतो. आणि घड्याळांत किती वाजले हें ओळखण्यालाही हेंच क्रियापद लागतें. कोशकार हे सारे अर्थ क्रमांक घालून एकाखालीं एक मांडून ठेवतो. परंतु ते एका छपराखालीं राहावयास आले कसे, हें विद्यार्थ्याला उमगत नाहीं. इंग्रजी भाषाच लहरी, अशी स्वतःची समजूत घालून तो पान उलटतो.

वस्तुतः येथें लहर नाहीं, इतिहास आहे. हजार वर्षांपूर्वींच्या जुन्या इंग्रजींत या क्रियापदाचें रूप ‘टेल्लन’ असें होतें, आणि मोजणें, हिशेब करणें, अमक्यांत गणना करणें व वृत्तान्त कथन करणें हे सगळे अर्थ त्यांत एकत्र नांदत होते. इंग्रजीच्या भाऊबंद भाषांत हें नातें अद्याप उघड दिसतें. जर्मन भाषेंत ‘त्सेलेन’ म्हणजे मोजणें, ‘एर्त्सेलेन’ म्हणजे गोष्ट सांगणें आणि ‘त्साल’ म्हणजे संख्या. डच भाषेंत ‘टेलन’ म्हणजे मोजणें व ‘फर्टेलन’ म्हणजे सांगणें. स्वीडिश भाषेनें तर ‘ताल’ या एकाच शब्दावर दोन्ही कामें भागविलीं आहेत. संख्येलाही ‘ताल’ आणि भाषणालाही ‘ताल’.

मोजणें आणि सांगणें या क्रिया एकाच शब्दांत कां सामावल्या असाव्यात, हें समजण्यास फारसें कठीण नाहीं. जेथें लिहितां येणारे थोडे, तेथें मोजणी ही बहुधा तोंडानेंच व्हावयाची. मेंढपाळ संध्याकाळीं वाड्याच्या दाराशीं उभा राहून एकेक मेंढरूं आंत सोडतो आणि प्रत्येकासरशीं एकेक आंकडा उच्चारतो. गोष्ट सांगणाराही तेंच करतो. घडलेल्या गोष्टी तो एकामागून एक, क्रम न मोडतां, पुढें आणून उभ्या करतो. दोघांवरही बंधन एकच: मधलें कांहीं गाळावयाचें नाहीं आणि नसलेलें कांहीं भरीला घालावयाचें नाहीं. एक मेंढरूं चुकलें तर मोजणी खोटी, आणि एक प्रसंग दडविला तर हकीकत खोटी. ‘टेल’ या शब्दाच्या पोटांत ही जबाबदारी प्रथमपासून आहे.

इ. स. १६११ मध्यें पहिल्या जेम्स राजाच्या कारकीर्दींत बायबलाचें जें प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर छापलें गेलें, त्यांत हा जुना अर्थ जागजागीं भेटतो. ईश्वर अब्राहामाला बाहेर नेऊन आकाशांतले तारे ‘टेल’ करण्यास सांगतो. तेथें तारे सांगावयाचे नसून मोजावयाचे आहेत. मिसर देशाच्या राजानें इस्राएली मजुरांना पेंढा देण्याचें बंद केलें, पण रोजच्या विटांची संख्या मात्र तीच ठेवली, ही कथा सर्वश्रुत आहे. तेथें विटांच्या संख्येला ‘टेल’ हें नामच योजिलें आहे. देवनागरींत क्रियापद आणि नाम हीं दोन्ही सारखींच लिहिलीं जातात. उच्चारांत नामाचा एकार अंमळ लांबतो, एवढाच भेद. आज त्या नामाचा अर्थ ‘कथा’ एवढाच उरल्यामुळें विटांची कथा ती कसली, असा संभ्रम नव्या वाचकाला पडल्यावांचून राहत नाहीं. मिल्टनच्या १६४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘लालेग्रो’ या काव्यांतही हीच गंमत झाली आहे. त्यांतील मेंढपाळ झाडाखालीं बसून गोष्ट सांगत आहेत कीं आपापलीं मेंढरें मोजीत आहेत, याविषयीं टीकाकारांत मतभेद आहेत, आणि शब्दांकडे पाहतां दोन्ही पक्षांना आधार मिळतो.

या मोजणीला राजदरबारीं जो मान होता, तो इंग्लंडच्या सरकारी खजिन्याच्या इतिहासांत दिसून येतो. या खजिन्याला ‘एक्सचेकर’ हें नांव पडलें तें बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींच्या कापडावरून. त्या कापडावर सोंगट्या मांडून हिशेब होत असे. खजिन्यांत येणारा पैसा मोजून घेणारे चार अधिकारी असत, आणि त्यांना ‘टेलर’ म्हणत. टेलरानें रक्कम मोजून घेतली म्हणजे ती चर्मपत्राच्या चिठीवर लिहून नळींतून खालच्या दालनांत सोडावयाची, आणि तेथें त्या रकमेची खूण म्हणून लांकडाच्या कांडीवर खांचा पाडावयाच्या, अशी रीति होती. बाराव्या शतकांत लिहिलेल्या खजिन्याच्या कार्यपद्धतीवरील एका ग्रंथांत या खांचांचीं मापेंही दिलेलीं आहेत. हजार पौंडांची खांच तळहाताच्या जाडीएवढी, शंभर पौंडांची अंगठ्याएवढी, वीस पौंडांची करंगळीएवढी आणि एका पौंडाची जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग ती कांडी उभी चिरून अर्धी देणाऱ्याच्या व अर्धी घेणाऱ्याच्या हातीं देत. पुढें वाद निघाला तर दोन्ही अर्धे जुळवून पाहावयाचे. खांचांशीं खांचा जुळल्या कीं साक्षीपुराव्याचें काम उरत नसे.

सतराव्या शतकाच्या मध्यांत जॉर्ज डाउनिंग हा या टेलरांपैकीं एक होता. लंडनची डाउनिंग स्ट्रीट त्याच्याच नांवाची. १६६० सालीं ज्यानें आपली जगप्रसिद्ध रोजनिशी लिहावयास आरंभ केला, तो सॅम्युएल पीप्स त्या वेळीं डाउनिंगच्याच हाताखालीं खजिन्यांत कारकून होता. दिवसां दुसऱ्याचा पैसा मोजणाऱ्या कचेरींतील माणसानें रात्रीं स्वतःच्या दिवसाचा हिशेब लिहावा, हा योगायोग ‘टेल’च्या दोन अर्थांना साजेसाच म्हणावा लागेल.

या कांड्यांचा शेवट मात्र शोचनीय झाला. १७८२ च्या कायद्यानें त्या रद्द ठरल्या, पण प्रत्यक्ष बंद पडल्या त्या १८२६ सालीं. सांठलेल्या जुन्या कांड्यांचें करावयाचें काय, असा प्रश्न पडला, तेव्हां त्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळण्याचें ठरलें. १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं ती आग आटोक्याबाहेर गेली आणि पार्लमेंटाचीं दोन्ही सभागृहें भस्मसात झालीं. खजिन्यांतील टेलरांचीं पदेंही त्याच सालीं मोडीत निघालीं.

या कांडीला इंग्रजींत ‘टॅली’ म्हणत. ध्वनि जवळचा व काम एकाच कचेरींतलें, म्हणून हा शब्दही ‘टेल’चाच कोणी आप्त असावा, असें सहज वाटतें. पण तसें नाहीं. ‘टॅली’ आला आहे काठी किंवा तोडलेली डहाळी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून. त्याच शब्दापासून ‘कापणें’ या अर्थाचें क्रियापद निघालें आणि फ्रेंचमार्गे त्यानें इंग्रजीला कपडे बेतणारा ‘टेलर’, म्हणजे शिंपी, दिला. म्हणजे देवनागरींत हुबेहूब सारखे लिहिले जाणारे दोन टेलर एकमेकांचे कोणीच लागत नाहींत. आणि खजिन्यांतील खांचांची कांडी ही मोजणाराची नव्हे, तर शिंप्याची नातलग ठरते! शब्दांचीं कुळें केवळ आवाजावरून लावूं नयेत, याचा याहून चांगला दाखला मिळणें कठीण.

खजिन्यांतून टेलर गेला तरी पार्लमेंटांतून गेला नाहीं. कॉमन्स सभागृहांत मतविभागणी झाली म्हणजे अनुकूल पक्षाचे दोन व प्रतिकूल पक्षाचे दोन, असे चार टेलर नेमतात. दोन बाजूंच्या दालनांतून जाणाऱ्या सभासदांना ते मोजतात आणि मग त्यांच्यापैकीं एकजण तो आंकडा सभेला मोठ्यानें सांगतो. मोजावयाचें आणि मोजलेलें सांगावयाचें. क्रियापदाचे दोन्ही अर्थ येथें एकाच अधिकाऱ्याच्या अंगीं आलेले आहेत.

जपमाळेची व घड्याळाची उपपत्तीही यावरून लागते. मणी ‘टेल’ करणें म्हणजे प्रार्थना मोजणें. गंमत अशी कीं, मण्याला असलेला ‘बीड’ हा इंग्रजी शब्द मुळांत प्रार्थनेचा वाचक होता. मण्यांवर प्रार्थना मोजतां मोजतां प्रार्थनेचें नांव मण्यालाच चिकटलें. घड्याळाची गोष्टही अशीच. ‘क्लॉक’ या शब्दाचा मूळ अर्थ घंटा. सॉल्सबरीच्या प्रार्थनामंदिरांत इ. स. १३८६ च्या सुमाराचें जें घड्याळ जपून ठेविलें आहे, त्याला तबकडीही नाहीं आणि कांटेही नाहींत. तें केवळ ठोके देतें. ठोके मोजल्याखेरीज वेळ कळावयाची नाहीं. शेक्सपिअरच्या नाटकांत घड्याळ ‘टेल’ करणें हा प्रयोग याच अर्थानें आला आहे.

मग मोजण्याचा अर्थ मागें कां पडला? याचें उत्तर १०६६ च्या नॉर्मन विजयांत आहे. विजेत्यांबरोबर फ्रेंच भाषा राज्यकारभारांत शिरली, आणि कालांतरानें ‘काउंट’ हा शब्द इंग्रजींत येऊन त्यानें मोजणीचें काम आपल्याकडे घेतलें. देशी ‘टेल’कडे मुख्यतः सांगण्याचें काम उरलें, जुना अर्थ बँक, पार्लमेंट आणि देवघर अशा जुन्या चालीरीति जपणाऱ्या ठिकाणीं तेवढा टिकला. परंतु नव्या पाहुण्याचा इतिहासही तोच होता. ‘मोजणें’ या अर्थाच्या लॅटिन ‘कॉम्प्युतारे’पासून निघालेल्या त्या जुन्या फ्रेंच शब्दाचे अर्थ मोजणें व सांगणें असे दोन्ही होते, आजचें फ्रेंच लेखन त्यांत वर्णभेद करतें, इतकेंच. म्हणूनच इंग्रजींत ‘अकाउंट’ म्हणजे हिशेबही आणि हकीकतही.

मूळ अर्थ ध्यानांत ठेवला तर इतर छटाही उलगडतात. सैन्यांत ओळींतून माणसें मोजून एखाद्या कामगिरीवर वेगळीं काढणें म्हणजे ‘टेल ऑफ’. खरडपट्टी काढणें हा त्याचा अर्थ विसाव्या शतकाच्या आरंभींचा. प्रत्येक गोळी ‘टेल’ झाली म्हणजे ती जमेस धरली गेली, लागू पडली. दोन जुळ्या भावांना ‘टेल’ करणें म्हणजे हा एक आणि हा दुसरा, असें वेगळें ओळखणें. वेगळें ओळखल्याशिवाय मोजतां येत नाहीं. एखाद्या गोष्टीविषयीं निश्चय करतां येत नसला म्हणजे इंग्रज ‘कांट टेल’ म्हणतो आणि मराठी माणूसही ‘सांगतां येत नाहीं’ असेंच म्हणतो.

हें साम्य येथेंच थांबत नाहीं. संस्कृतांतील ‘ख्या’ या धातूचा अर्थ सांगणें, प्रकट करणें. त्याला ‘आ’ हा उपसर्ग लागला कीं ‘आख्यान’ होतें, आणि ‘सम्’ लागला कीं ‘संख्या’. म्हणजे कीर्तनांतील उत्तररंगाचें आख्यान आणि अंकगणितांतील संख्या हीं एकाच धातूचीं लेंकरें आहेत. जुनें ‘टेल्लन’ जसें मोजण्याबरोबर मानण्याचाही अर्थ देई, तसें मराठी ‘गणणें’ देतें. शूरांत गणना होते आणि एखाद्या उपेक्षिताची खिजगणतींतही नसते. शहाणा माणूस मोजक्या शब्दांत सांगतो, आणि गाऱ्हाणीं सांगणारा तक्रारींचा पाढा वाचतो. पाढा हा आंकड्यांचा. पण मनांत सांठलेलें दुःख एक एक करून, कांहीं न गाळतां बाहेर काढण्याला मराठीला दुसरी चांगली उपमा सांपडली नाहीं.

२७ जून १९६७ रोजीं लंडनच्या उत्तरेस एनफील्ड येथें बार्कलेज बँकेच्या भिंतींत पैसे देणारें यंत्र बसलें. पुढें अशा यंत्रांना ‘ऑटोमेटेड टेलर मशीन’ हें नांव रूढ झालें, आणि १९८७ सालीं हाँगकाँग अँड शांघाय बँकेनें तें मुंबईंत आणलें. आज ‘एटीएम’ म्हणतांना त्यांतील ‘टी’ हें अक्षर खजिन्यांतल्या त्या जुन्या मोजणाराचें, हें कोणाच्या मनांतही येत नाहीं. यंत्र नोटा मोजतें आणि तेवढ्यावर थांबतें. ‘टेल’चा अर्धाच अर्थ त्याला साधला आहे. उरलेला अर्धा, म्हणजे जें घडलें तें क्रमानें, कांहीं न दडवितां सांगणें, हें माणसाकडेच राहिलें आहे. साक्षीदार असो, इतिहासकार असो, कीं रात्रीं मुलाला गोष्ट सांगणारी आजी असो, एखादा प्रसंग गाळला गेला तर ऐकणारा ‘मग पुढें काय?’ म्हणून अडवितो, आणि त्याचा तो हक्कच आहे. कारण सांगणें हाही एक हिशेबच आहे.