भवानी तलवारीची आख्यायिका आणि शिवनेरी

युद्धकाळात राष्ट्राचे रक्षण करणाऱ्या अद्भुत वस्तूंच्या आख्यायिका अनेक समाजांत आढळतात. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक (मृत्यू १५९६) याचा ढोल देशावर संकट आले असता आपोआप वाजतो, अशी समजूत आहे. हेन्री न्यूबोल्टच्या १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितेनंतर ती सर्वदूर पसरली व पहिल्या महायुद्धात दृढ झाली. महाराष्ट्रात असे स्थान छत्रपती शिवाजी महाराजांच्या भवानी तलवारीस आहे. परंतु महाराजांची जन्मभूमी असलेल्या जुन्नरचा इतिहास या आख्यायिकेशी ताडून पाहता एक अडचण उभी राहते.

कवींद्र परमानंदकृत ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यात अफजलखानाच्या प्रसंगी (१० नोव्हेंबर १६५९) देवी महाराजांच्या तलवारीत वास करीत असल्याचे वर्णन येते. उत्तरकालीन चित्रांत मात्र देवी स्वहस्ते तलवार देते. हा फरक लहान नाही. पहिल्या कल्पनेत दैवी शक्ती योद्ध्याजवळच्या शस्त्रात उतरते. दुसरीत ते शस्त्रच मुळात दैवी ठरते, आणि मग ‘खरी’ तलवार कोणती हा वाद अटळ होतो. सातारच्या राजघराण्यात एक तलवार भवानी म्हणून पूजिली जाते. कोल्हापूरकडून १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सला मिळालेली तलवार ब्रिटिश राजसंग्रहात आहे. तिचे पाते युरोपीय, म्हणजे तत्कालीन भाषेत ‘फिरंग’ आहे. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची घोषणा केल्यापासून या वादाला राजकीय धारही आली.

आंबेगावच्या पश्चिम सीमेवरील भीमाशंकर येथील पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयाशी जोडली जाते. येथे विजय आधी आणि वस्तूचे पावित्र्य नंतर, हा क्रम स्पष्ट दिसतो. तलवारीच्या बाबतीत तो लोकस्मृतीने उलटा केला असावा.

आता जुन्नर. १६५७ मध्ये महाराजांनी रात्री दोरांच्या शिड्यांनी तटावर चढून हे मोगली ठाणे लुटले. सुमारे तीन लक्ष होन व दोनशे घोडे हाती आले. या यशाचे श्रेय कोणी तलवारीस दिलेले नाही. ज्या शिवाईवरून त्यांचे नाव ठेवल्याची परंपरा आहे, तिचा शिवनेरी किल्ला तर महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. १६७३ चा प्रयत्न फसला. किल्ला मराठ्यांकडे आला तो महाराजांच्या पश्चात. या अपयशाविषयी आख्यायिका मौन पाळते, आणि ते स्वाभाविकच आहे. अशा कथा प्रतापगडासारख्या विजयस्थळीच रुजतात. शिवनेरी का पडला नाही याचे उत्तर १६७५ मध्ये जुन्नरला आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या वृत्तान्तात सापडते. गडावर एक हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतकी शिबंदीची सामग्री होती, असे तो नोंदवतो.