थर आणि उतरण

२००८ साली काईल गॅब्लर आणि रॉन कार्मेल यांच्या 'टूडी बॉय' या चिमुकल्या स्टुडिओने 'वर्ल्ड ऑफ गू' हा व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला. चिकट गोळे एकमेकांना जोडत मनोरा उभारायचा. तोल गेला की तो कोसळतो आणि खेळणारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. त्याआधी, २००६ साली, एरिन कॅटो यांनी 'बॉक्स टूडी'ची मांडणी केली होती. तिच्या साहाय्याने वजन, घर्षण आणि आघात यांचे गणित संगणकावर सोडवणे छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांच्याही आवाक्यात आले. अशा खेळांचा विचार करताना आम्हांला लालबाग-परळ, दादर आणि गिरगावची दहीहंडी आठवते. रचनेचे नियम तेच. मात्र येथे ठोकळ्याच्या जागी माणूस आहे.

गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. तळाला भक्कम गडी, वर क्रमाने हलके आणि टोकाला सर्वांत लहान. प्रत्येक थराचा भार खालच्या खांद्यांवर उतरतो. संगणकातला ठोकळा थकत नाही. खांदा मात्र थकतो. त्यामुळे थर किती, याइतकाच ते किती वेळात लागतात हा प्रश्नही निर्णायक ठरतो.

एके काळी समोरासमोरच्या चाळींच्या मधोमध हंडी बांधली जाई आणि गॅलऱ्यांतून गोविंदांवर पाणी ओतले जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे या वस्तीचा आधारच खचला. नंतरच्या काळात लाखांची बक्षिसे आली, आणि उंची हेच मोजमाप झाले. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या 'जय जवान' पथकाने ठाण्यात १३.३४ मीटरचा विश्वविक्रम केला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने उंची २० फुटांवर आणली व १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली. २०१७ साली उंचीची मर्यादा उठली. वयाची अट १४ वर्षे झाली. २०२२ साली राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळ ठरवले आणि गोविंदाचा मृत्यू झाल्यास १० लाख रुपये साहाय्य जाहीर केले. २०२५ साली ठाण्यातच दहा थर लागले.

हा सारा इतिहास चढण्याचा आहे. स्पेनमधील कॅटलोनियात मानवी मनोरा केवळ उभा राहिला तर एक निकाल लागतो, तो सुखरूप उतरला तर त्याहून वरचा. २००६ साली तेथे एक मुलगी पडून दगावली आणि वरच्या थरांतील मुलांना शिरस्त्राण आले. आपल्याकडे हंडी फुटली की ढोल वाजू लागतात. त्या वेळी थर अजून उतरायचे असतात.

पडद्यावरच्या निर्मात्याने पडझड निःशुल्क केली, म्हणून तेथे धाडसाला मर्यादा नाही. येथे पडझडीची किंमत कोणी तरी मोजतोच, आणि तो बहुधा बक्षीस लावणारा नसतो. तेव्हा प्रगती मोजायचीच असेल, तर शेवटचा गोविंदा जमिनीवर पाय टेकवीपर्यंत मोजणी थांबवू नये, असे आम्हांला वाटते.