चिलापीचा रंग, उजनीचा तळ

भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले, काठावरच्या डाळज गावच्या शिवाराला पाणी भिडले आणि एकाच जलाशयात अनेक तळ आले: कुठे बुडालेली काळी रानं, कुठे खडक, कुठे गाळ. चिलापी (टिलापिया) ही मूळची आफ्रिकेतली मासळी 1952 साली भारतात आणली गेली. उजनीत तिच्या रंगात हा बदललेला भूगोल उमटतो. कातडीच्या रंगपेशींतले काळे कण पसरले की मासा गडद होतो, आकसले की फिका. म्हणून गढूळ पाण्यातली चिलापी राखी, तर काळ्या तळावरची काळपट दिसते.

कुणी म्हणेल, या जातीच वेगळ्या. जातींची सरमिसळ असतेच. पण विणीच्या दिवसांत तोच नर काळाभोर होतो, गळा तेवढा पांढरा उरतो. तेव्हा रंगावरून जात ठरवण्याआधी तळ आणि हंगाम पाहायलाच हवा.