चार्ली बर्ली: ज्याच्याशी लढायला कोणी तयार नव्हतं

ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' वगैरे झालं ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात एका सिनेमापासून करू. 'रेजिंग बुल' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 1980 चा, मार्टिन स्कॉर्सेसीचा. रॉबर्ट डी नीरोला त्यासाठी ऑस्कर मिळालं. तो सिनेमा जेक लमोटा नावाच्या खऱ्या बॉक्सरवर आहे. आता दुसरा सिनेमा, 2016 चा 'फेन्सेस'. डेन्झेल वॉशिंग्टन त्यात पिट्सबर्ग शहरात कचरा उचलणारा माणूस झालाय. एकेकाळचा जबरदस्त बेसबॉल खेळाडू, पण काळा असल्यामुळे मोठ्या लीगमध्ये संधीच न मिळालेला आणि म्हणून आतून कडवट झालेला.

या दोन सिनेमांचा एकमेकांशी काय संबंध? तर दुसऱ्या सिनेमातल्या त्या माणसामागे एका खऱ्या बॉक्सरची सावली आहे. तो लमोटाच्याच काळातला, जवळपास त्याच वजनाचा. अनेक जाणकारांच्या मते लमोटापेक्षा सरस. त्याचं नाव चार्ली बर्ली. एकावर हॉलिवूडने अख्खा सिनेमा काढला आणि दुसऱ्याच्या खऱ्या लढतीची आज एकच फिल्म शिल्लक आहे, 1946 ची. असं का झालं, तेच आज बघायचंय.

खाणकामगाराचा पोरगा

चार्लीचा जन्म 6 सप्टेंबर 1917 चा, पेनसिल्व्हेनियातल्या बेसेमर गावचा. वडील काळे, कोळशाच्या खाणीत काम करणारे. आई गोरी, आयर्लंडहून आलेली. त्या काळातल्या अमेरिकेत असं लग्न म्हणजे काय असेल, याची कल्पना तुम्हीच करा. वडील गेल्यावर कुटुंब पिट्सबर्गला आलं. तिथेच पोराने ग्लोव्हज घातले आणि हौशी स्पर्धा मारायला सुरुवात केली.

1936 साल. बर्लिन ऑलिम्पिक तोंडावर आलंय, जर्मनीत हिटलर आहे. अठरा वर्षांच्या चार्लीने काय करावं? त्याने ऑलिम्पिकच्या निवड चाचणीत उतरायलाच नकार दिला. त्याऐवजी तो बार्सिलोनाला निघाला. तिथे हिटलरच्या ऑलिम्पिकला उत्तर म्हणून 'पीपल्स ऑलिम्पियाड' भरणार होतं. उद्घाटन 19 जुलैला. आणि नेमकं त्याच वेळी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं! बार्सिलोनाच्या रस्त्यांवर गोळीबार सुरू झाला, स्पर्धा रद्द झाली आणि खेळाडू आल्या पावली परत.

मला या प्रसंगातून त्याचा स्वभाव दिसतो. पटत नाही ते करायचं नाही, मग नुकसान झालं तरी चालेल. हा स्वभाव पुढे त्याला फार महागात पडला.

हरवलं, पण पुढे काय?

त्याच वर्षी तो व्यावसायिक बॉक्सर झाला. पिट्सबर्गमध्येच फ्रिट्झी झिविक नावाचा नावाजलेला गोरा बॉक्सर होता. दोघांच्या तीन लढती झाल्या. 1938 मधली पहिली झिविकने जिंकली, ती पण थोडक्यात. पुढच्या दोन्ही बर्लीने मारल्या, 1938 आणि 1939 मध्ये. आता 4 ऑक्टोबर 1940 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वेल्टरवेट गटाच्या जागतिक विजेतेपदासाठी हेन्री आर्मस्ट्राँगसमोर कोण उभं होतं? झिविक! आणि त्याने आर्मस्ट्राँगला हरवून पट्टा घेतलासुद्धा.

म्हणजे बघा, ज्याला बर्लीने सव्वा वर्षापूर्वी हरवलं होतं, तो जगज्जेता झाला. मग आता बर्लीला त्याच्याशी विजेतेपदाची लढत मिळायला हवी, हो ना? मिळाली नाही. बॉक्सिंगच्या जगात याबद्दल एक गोष्ट कायम सांगितली जाते, की झिविकच्या मॅनेजरने बर्लीचा करारच विकत घेऊन टाकला. प्रतिस्पर्धी आपल्याच दावणीला बांधला, की त्याच्याशी लढायचा प्रश्नच मिटला.

बर्लीकडे एक किताब मात्र होता. 1938 मध्ये कोको किड नावाच्या बॉक्सरला हरवून तो 'कलर्ड' म्हणजे काळ्यांसाठीच्या वेगळ्या गटाचा वेल्टरवेट चॅम्पियन झाला होता. जागतिक पट्टा वेगळा आणि हा वेगळा.

'मर्डरर्स रो'

आता इथे एक गैरसमज होऊ शकतो. काळ्या बॉक्सरना विजेतेपदाला सरसकट बंदी होती का? नाही. जो लुई 1937 पासून हेवीवेट चॅम्पियन होता. आर्मस्ट्राँगही काळाच होता. दार बंद नव्हतं, किलकिलं होतं. एखाददुसरा आत जायचा. पण त्याच्यामागे दहा जण तितक्याच ताकदीचे असतील, तर ते बाहेरच.

1940 च्या दशकात वेल्टर, मिडल आणि लाइट हेवीवेट या गटांत असे बरेच जण होते. होल्मन विल्यम्स, लॉइड मार्शल, जॅक चेस, एडी बुकर, बर्ट लायटेल, कोको किड, एरन वेड आणि आपला बर्ली. बड शुलबर्ग या लेखकाने या मंडळींना नाव दिलं, 'मर्डरर्स रो'. यातल्या एकालाही जागतिक विजेतेपदाची लढत मिळाली नाही. एकालाही नाही!

मग हे लोक करायचे काय? एकमेकांशीच लढायचे. पुन्हा पुन्हा. बर्ली आणि होल्मन विल्यम्स सात वेळा लढले. तीन याने जिंकल्या, तीन त्याने आणि एक निकालाविना संपली. आपल्याकडे पैलवानाला तोडीचा जोड मिळाला की मैदान रंगतं असं म्हणतात. इथे जोड एकदम तोडीचे होते, फक्त मैदान छोटं आणि पाकीट त्याहून छोटं.

आणि हे लोक खरंच इतके भारी होते का, की आपण नंतर त्यांना मोठं करतोय? पुरावा बघू. लॉइड मार्शलने 1943 मध्ये एझर्ड चार्ल्सला अर्ध्यात थांबवलं. हाच चार्ल्स पुढे हेवीवेटचा जगज्जेता झाला. त्याच मार्शलने 1944 मध्ये जेक लमोटालाही हरवलं. हो, तोच 'रेजिंग बुल'.

आणि बर्ली? 1942 मध्ये त्याने जे. डी. टर्नर नावाच्या हेवीवेटशी लढत घेतली. बर्लीचं वजन साधारण 68 किलो आणि समोरचा जवळपास 100 किलोचा. सहाव्या राउंडमध्ये टर्नर संपला. त्याच वर्षी एझर्ड चार्ल्सकडून मात्र बर्ली दोनदा हरला, हेही सांगायला हवं. तो अजिंक्य नव्हता. पण लढायला नाही म्हणणारा नव्हता.

21 एप्रिल 1944

त्याची सगळ्यात गाजलेली रात्र ही. तेव्हा तो कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोला विमानांच्या कारखान्यात काम करत होता. महायुद्ध चालू होतं. हॉलिवूडमध्ये आर्ची मूरशी दहा राउंडची लढत ठरली.

आर्ची मूर म्हणजे कोण? कारकिर्दीत सव्वाशेच्या वर नॉकआउट करणारा माणूस. पुढे लाइट हेवीवेटचा जगज्जेता. आणि त्या रात्री कारखान्यातल्या या कामगाराने त्याला एकदा नाही, अनेकदा जमिनीवर आणलं आणि गुणांवर सरळ हरवलं. मूर पुढे आयुष्यभर सांगत राहिला, की मी ज्यांच्याशी लढलो त्यांत बर्ली सगळ्यात अवघड. आणि मूर कोणाकोणाशी लढलाय? रॉकी मार्सियानो, एझर्ड चार्ल्स, अगदी तरुण मुहम्मद अलीशीसुद्धा.

बर्लीची शैली काउंटर पंचरची. समोरच्याला वार करू द्यायचा, दोन इंच मागे सरकायचं आणि त्याच क्षणी आपला ठोसा टाकायचा. एडी फुच हे बॉक्सिंगमधल्या सगळ्यात मोठ्या प्रशिक्षकांपैकी एक, 1975 मध्ये मनिलाला अलीविरुद्ध जो फ्रेझरची लढत थांबवणारे ते. त्यांच्या मते त्यांनी पाहिलेला सगळ्यात परिपूर्ण बॉक्सर बर्ली.

मग अडलं कुठे?

आता मुद्द्यावर येऊ. नुसतं 'वर्णद्वेष होता' म्हटलं की उत्तर खरं असतं, पण अर्धवट राहतं. मला यात चार गोष्टी दिसतात.

एक, हिशोब. विजेतेपदाची लढत कोणाशी करायची, हे मुख्यतः चॅम्पियन आणि त्याचा मॅनेजर ठरवायचे. बर्लीशी लढलं तर हरायची शक्यता मोठी आणि तिकिटं कमी खपणार, कारण त्याची शैली सावध आणि नाव छोट्या शहरांपुरतं. धोका जास्त, पैसा कमी. कोण कशाला घेईल?

दोन, युद्ध. चॅम्पियन लोक सैन्यात गेले आणि त्यांचे किताब गोठवले गेले. मिडलवेटचा चॅम्पियन टोनी झेल नौदलात होता. नोव्हेंबर 1941 नंतर त्याचा किताब पणाला लागला तो थेट सप्टेंबर 1946 मध्ये. त्या काळात बर्ली 24 चा 29 झाला. बॉक्सरच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं!

तीन, गुंडगिरी. त्या काळात न्यूयॉर्कच्या बॉक्सिंगवर फ्रँकी कार्बो नावाच्या माफियाचा हात होता. कोण वर जाणार, कोण खाली राहणार, यात त्याचा शब्द चालायचा. इथे परत लमोटा येतो. 1960 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर लमोटाने शपथेवर सांगितलं, की 1947 ची बिली फॉक्सविरुद्धची लढत मी मुद्दाम हरलो. आपल्याकडे ज्याला नुरा कुस्ती म्हणतात, अगदी तीच. बदल्यात काय? विजेतेपदाची संधी. त्यासाठी वर 20,000 डॉलरही मोजले, असं त्यानेच सांगितलं. 1949 मध्ये तो मिडलवेट चॅम्पियन झाला.

लमोटाला मी खलनायक ठरवत नाहीये. तोही कित्येक वर्षं रांगेत ताटकळला होता. पण व्यवस्था कशी होती ते कळतं ना? गोऱ्या आणि लोकप्रिय बॉक्सरलासुद्धा एवढी किंमत मोजावी लागली. मग बर्लीसारख्याचं काय? त्याच्यामागे ना वजनदार मॅनेजर होता, ना वाकायची तयारी.

आणि चार, शुगर रे रॉबिन्सन. बॉक्सिंगचे चाहते यावर अजून भांडतात. रॉबिन्सनने बर्लीला टाळलं का? दोघांची लढत कधी झाली नाही, हे खरं. पण रॉबिन्सनला स्वतःला वेल्टरवेटचा किताब डिसेंबर 1946 पर्यंत मिळाला नव्हता. तोही त्याच रांगेत उभा होता. मला वाटतं, ज्यांना दारात अडवलं त्यांनी एकमेकांना का मदत केली नाही, हा प्रश्न विचारण्याआधी दार कोणी अडवलं होतं ते विचारावं.

नंतर काय झालं

1950 मध्ये बर्लीने ग्लोव्हज काढून ठेवले. हिशोब साधारण असा: 83 विजय, 12 पराभव. संपूर्ण कारकिर्दीत त्याला एकदाही कोणी नॉकआउट केलं नाही. त्यानंतर तो पिट्सबर्ग महापालिकेत कचरा उचलायच्या कामाला लागला.

बाकीच्यांचं? एडी बुकरने डोळ्याच्या दुखापतीमुळे 1944 मध्येच खेळ सोडला. होल्मन विल्यम्स 1967 मध्ये एका आगीत गेला. कोको किड शिकागोत बेघर अवस्थेत सापडला. डोक्यावरच्या माराने स्मृती गेलेली, स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. तो पूर्वी नौदलात होता म्हणून बोटांच्या ठशांवरून ओळख पटली. एकेकाळी ज्याचं नाव पोस्टरवर छापलं जायचं, त्याचं नाव शोधायला सरकारी फाइल काढावी लागली. हे वाचून मला थोडा वेळ पुढे काही वाचवलं नाही.

बर्लीची गोष्ट मात्र थोडी वेगळी वळली. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट वस्तीत त्याच्या घरासमोर एक मुलगा वाढत होता, ऑगस्ट विल्सन. वडिलांची सावली फारशी नसलेल्या त्या मुलाला समोरचा हा रुबाबदार, नीटनेटका माणूस मोठा वाटायचा. हाच मुलगा पुढे अमेरिकेचा अव्वल नाटककार झाला. 1987 मध्ये त्याच्या 'फेन्सेस' नाटकाला पुलित्झर मिळालं. नाटकातला कचरा उचलणारा ट्रॉय मॅक्सन त्याने बेसबॉलपटू केला, पण दारातून परतवलेल्या खेळाडूचं ते दुःख त्याने समोरच्या घरात पाहिलेलं होतं.

1992 मध्ये इंटरनॅशनल बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये बर्लीचं नाव लागलं. त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला तो गेला. विल्यम्सचं नाव 2008 मध्ये लागलं, मार्शलचं 2010, कोको किडचं 2012. तिघांपैकी एकही ते बघायला जिवंत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, ऐंशी वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या बॉक्सरशी आपल्याला काय देणं-घेणं? माझं उत्तर साधं आहे. आपण कुठल्याही खेळातला 'सर्वकालीन महान दहा' असा व्हिडिओ बघतो, तेव्हा ती यादी पट्टे आणि ट्रॉफ्या मोजून बनवलेली असते. पट्टा कोणाला मिळाला हे ती सांगते. लढायची संधी कोणाला मिळाली, हे सांगत नाही. पुढच्या वेळी अशी यादी दिसली की एवढंच विचारा: याच्याशी लढायला कोणाला दिलंच नाही?

बर्ली आणि बिली स्मिथची ती 1946 ची फिल्म नक्की शोधून बघा. आवाज बंद ठेवा आणि फक्त त्याचे पाय बघा. मग कॉमेंटमध्ये सांगा काय वाटलं. आणि तुमच्या गावात, तालमीत, मैदानावर असा कोणी असेल, ज्याला सगळे मानायचे पण वर कोणी जाऊ दिलं नाही, तर त्याच्याबद्दलही लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, ऐकत राहा!