वायुरोध, इंधनबचत आणि ब्रेक : घाटरस्त्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना : पुण्याहून नाशिककडे जाणारा महामार्ग डोळासणेचे पठार सोडून चंदनापुरी घाटाने प्रवरेच्या खोऱ्यात उतरतो व संगमनेरला येतो. रस्ता चौपदरी झाल्यापासून येथील वेग वाढला आहे. उतारावर वाहनाला मागे ओढणारी बले मुख्यतः तीन असतात : चाकांचा रोध, वाऱ्याचा रोध आणि गिअरमध्ये असलेल्या इंजिनाची ओढ. ही तिन्ही मिळून जेवढे रोखू शकत नाहीत, तेवढे ब्रेकच्या वाट्याला येते. इंधन वाचविण्यासाठी वाहनाचा आकार बदलत गेला, तसा या वाटणीत कोणता फरक पडला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आकाराचा इतिहास : वाऱ्याला सहज वाट देणाऱ्या मोटारीची कल्पना जुनी आहे. एडमंड रुम्पलर यांची थेंबाच्या आकाराची मोटार १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली. १९७९ मध्ये फोक्सवॅगनच्या पवनबोगद्यात ती तपासली असता तिचा रोध गुणांक अवघा ०.२८ भरला. झेपेलिन वायुयानांवर काम केलेले पॉल याराय यांचे विचार पुढे टाट्रा कंपनीने उचलले व १९३४ मध्ये ‘टाट्रा ७७’ ही मोटार तयार झाली. त्याच वर्षीची क्रायस्लरची ‘एअरफ्लो’ मात्र ग्राहकांना रुचली नाही.

या आकारांनी ब्रेकपुढे खरा प्रश्न उभा केला तो उष्णतेचा. ब्रेक लावणे म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणे. ती उष्णता वाहून नेण्याचे काम चाकाभोवतीची हवा करते. चाक झाकले, वाहनाचा तळ सपाट केला, पुढची जाळी बंद केली, की रोध घटतो. पण ही हवाही अडते. १९५५ च्या सिट्रोएन डीएस मोटारीत मागची चाके झाकली होती. पुढचे डिस्क ब्रेक चाकांत न बसविता आत, गिअरपेटीजवळ बसवले आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी हवेचे स्वतंत्र मार्ग काढले. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकांवर येत असल्याने मुख्य काम त्यांनाच करावे लागते, हे त्या रचनाकारांनी नेमके ओळखले होते. १९९९ मध्ये आलेल्या होंडा इनसाइटनेही मागचीच चाके झाकली. घरच्या घरी पुठ्ठा वा पत्रा लावून मायलेज वाढवू पाहणाऱ्यांच्या लक्षात हा भेद सहसा येत नाही. याच्या उलट उदाहरणही १९५५ चेच आहे. ल मां येथील शर्यतीत मर्सिडीज-बेंझच्या मोटारींना चालकाच्या मागे उघडणारी मोठी झडप होती. तापणाऱ्या ड्रम ब्रेकना वाऱ्याची मदत मिळावी, हाच तिचा हेतू होता.

मालमोटारींकडे लक्ष वळले ते १९७३ च्या तेलसंकटामुळे. अमेरिकेत नासाच्या ड्रायडन केंद्रात एडविन साल्ट्झमन व सहकाऱ्यांनी पेटीसारख्या वाहनाच्या कडा गोलाकार करून पाहिल्या. तेवढ्यानेच रोध सुमारे निम्म्याने घटला. भारतात पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली. परंतु येथील मालमोटारीचे रूप फारसे बदलले नाही. १९५४ मध्ये टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बनविण्यास सुरुवात केली. त्यानंतर कित्येक दशके कारखान्यातून सांगाडा यावा आणि हौदा स्थानिक कारागिराने बांधावा, अशीच रीत होती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली फेरी करणाऱ्या एस. टी.च्या गाड्यांच्या टपावरही पुढे सामानाचे कठडे दीर्घकाळ राहिले. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगात वाऱ्याचा हिशेब कोण ठेवणार? जड वाहनांसाठी २०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या इंधन-कार्यक्षमतेच्या निकषांतही मालमोटारींची चाचणी ताशी ४० व ६० किलोमीटर या स्थिर वेगांवरच ठेवण्यात आली.

उतारावरील हिशेब : सोळा टनांची मालमोटार शंभर मीटरला पाच मीटर या उतारावर ताशी ६० किलोमीटर वेगाने उतरते असे मानू. गुरुत्वाकर्षण तिला सुमारे ७,८५० न्यूटन बलाने पुढे ओढते. चाकांचा रोध सुमारे १,२५० व वाऱ्याचा ९३० न्यूटन धरल्यास ५,६७० न्यूटन उरतात. आकार सुधारून रोध गुणांक ०.८ वरून ०.६ वर आणला, तर वाऱ्याचा रोध ७०० पर्यंत उतरतो आणि हा उरलेला भार जेमतेम चार टक्क्यांनी वाढतो. ताशी ८० किलोमीटरला ही वाढ आठ टक्के होते. म्हणजे आकाराला फार दोष देता येत नाही. परंतु ६० च्या जागी ८० चा वेग घेतला, तर सुधारलेल्या आकाराच्या वाहनात दर सेकंदाला रोखावयाची ऊर्जा जुन्या स्थितीच्या मानाने पावपटीहून अधिक वाढते. ती इंजिनाने न रोखल्यास सारी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. लायनर तापतात आणि पकड सुटत जाते.

क्लेसी कमिन्स यांना हा अनुभव १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅहोन घाटात आला. ब्रेक निकामी होत गेलेली त्यांची मालमोटार रेल्वे फाटकावर मालगाडीला धडकता धडकता वाचली. डिझेल इंजिनाच्याच दाबाने वाहन रोखणारा इंजिन ब्रेक त्यांनी पुढे विकसित केला व १९६१ पासून जेकब्स कंपनीने तो बाजारात आणला.

आपल्याकडे डिझेल वाचविण्याचा मार्ग नेमका उलट दिशेने गेला. उतार लागताच गाडी न्यूट्रल करणे आणि काही वेळा इंजिनच बंद करणे, ही सवय घाटांत रुळली. त्यात इंजिनाची ओढ तर जातेच, शिवाय एअर ब्रेकला हवा पुरविणारा कॉम्प्रेसरही थांबतो. आधुनिक इंजिन गिअरमध्ये उतरताना पाय काढल्यावर इंधन जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे बचतही फारशी होत नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ कात्रजकडील उतारावरून आलेल्या एका मालमोटारीने अनेक वाहनांना धडक दिली. प्रारंभी ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. नंतर, उतारावर चालकाने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली होती, असे तपासातून पुढे आले.