स्पॅनिश वारांची कुळकथा

स्पॅनिश शिकूं पाहणाऱ्या मराठी माणसास त्या भाषेंतले वार पाठ करण्यास फारसे श्रम पडूं नयेत. लूनेस हा चंद्राचा दिवस, म्हणजेच सोमवार; मार्तेस मंगळाचा, म्येर्कोलेस बुधाचा, ख्वेवेस गुरूचा आणि ब्येर्नेस शुक्राचा. हा ग्रहक्रम स्पेनला रोमन साम्राज्याकडून मिळाला. भारतांतही तो ग्रीक ज्योतिषाच्या संपर्कानें रूढ झाला, असें बहुतेक विद्वान मानतात. शनि व रवि यांना मात्र स्पेनमध्यें पदच्युत व्हावें लागलें. साबादो हें यहुद्यांच्या विश्रांतिदिनाचें नांव, तर दोमिंगो म्हणजे प्रभूचा दिवस.

उरलेले पांच देवही धर्मगुरूंना खपत नव्हतेच. सहाव्या शतकांत ब्रागा येथील बिशप मार्तिन यानें वारांना असल्या देवांचीं नांवें देण्याबद्दल लोकांची चांगलीच कानउघाडणी केली. ब्रागा आज पोर्तुगालांत आहे, आणि पोर्तुगीज भाषेंत सोमवार हा नुसता 'दुसरा वार', सेगुंदा-फेइरा, होऊन बसला आहे, शुक्रवार 'सहावा'. गोव्यांत पोर्तुगीज शिकलेल्यांना हे आंकडी वार परिचित आहेत. स्पॅनिश बोलणाऱ्यांनीं मात्र जुने देव सोडले नाहींत, आणि त्यांचा धाकही सोडला नाहीं. मंगळवारीं लग्न करूं नये, जहाजावर चढूं नये, ही म्हण त्यांच्यांत अजून ऐकूं येते. त्यांतून तेरा तारीख मंगळवारीं आली, तर पाहावयासच नको!