कुंकळ्ळी

कुंकळ्ळी : गोवा राज्याच्या दक्षिण गोवा जिल्ह्यातील सासष्टी तालुक्यातील नगरपालिकेचे गाव व भारतीय सिंगल माल्ट व्हिस्कीचे एक प्रमुख उत्पादनकेंद्र. हे मडगावच्या दक्षिणेस मडगाव–कारवार मार्गावर वसले आहे.

पोर्तुगीज सत्तेविरुद्ध येथील गावकऱ्यांनी १५८३ मध्ये केलेला उठाव प्रसिद्ध आहे. त्यात पाच जेझुइट धर्मोपदेशक मारले गेले. पुढे बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणा येथील किल्ल्यावर बोलावून गावच्या प्रमुखांची हत्या करण्यात आली. त्यांचे स्मारक गावात आहे. ग्रामदेवता शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण हिचे स्थान फातर्पे येथे हलविण्यात आले. फाल्गुनात देवी रंगीत छत्र्यांच्या मिरवणुकीने कुंकळ्ळीस येते.

येथील औद्योगिक वसाहतीत जॉन डिस्टिलरीज या बंगळूरच्या कंपनीची (स्थापना १९९२) आसवनी आहे. भारतात बऱ्याच स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर बनतात. युरोपीय संघात असे मद्य व्हिस्की या नावाने विकता येत नाही. कुंकळ्ळीत मात्र सिंगल माल्टसाठी (एकाच आसवनीत केवळ मोडाच्या सातूपासून बनणारी व्हिस्की) मोड आणून वाळविलेल्या भारतीय सहापदरी सातूचा रस आंबवून तांब्याच्या भांड्यांत त्याचे दोनदा ऊर्ध्वपातन करतात. धुरकट चवीच्या प्रकारांसाठी लागणारे पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जळण) स्कॉटलंडहून येते, तर मुरविण्यासाठी मुख्यतः अमेरिकी बूर्बनची रिकामी ओक पिंपे वापरतात.

स्कॉटलंडची ही पद्धत जपानने १९२३ पासून यामाझाकी येथे रुजविली, पण त्याला थंड हिवाळ्याची साथ होती. गोव्याच्या उष्ण, दमट हवेत मद्य लवकर मुरते, पण वर्षाला सुमारे ८ टक्के उडूनही जाते. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास असते. या हिशेबाने येथील पिंप दहा वर्षांत निम्म्याहून अधिक रिकामे होते. त्यामुळे दीर्घकाळ मुरविणे परवडत नाही आणि बहुतेक बाटल्यांवर वयाचा उल्लेख नसतो.

कंपनीचे अध्यक्ष पॉल जॉन यांच्या नावाने ही व्हिस्की २०१२ मध्ये प्रथम ब्रिटनच्या बाजारात आली. बंगळूरच्याच अमृत कंपनीने २००४ मध्ये ग्लासगोत पहिली भारतीय सिंगल माल्ट विक्रीस आणून ही वाट दाखविली होती. ब्रिलियन्स (पीटविरहित), एडिटेड (किंचित धुरकट) व बोल्ड (गडद धुरकट) हे पॉल जॉनचे मुख्य प्रकार असून त्यांत मद्यार्काचे प्रमाण ४६ टक्के असते. राशींच्या नावांच्या मालिकेतील ‘मिथुना’ ही जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’च्या २०२१ च्या आवृत्तीत जगात तिसऱ्या क्रमांकाची ठरली.

गोव्याची जुनी ओळख असलेल्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. व्हिस्कीचा सातू व पिंपे मात्र गोव्याबाहेरूनच येतात. गोव्याचे असे त्यात आहे ते हवामान. आसवनीत पर्यटकांसाठी केंद्र असून तेथे निर्मितीप्रक्रिया पाहता येते.